राहिलेली शाबासकी

चौथीला परिसर अभ्यास शिकवणाऱ्या बाईंना सगळी शाळा पाठीमागे ‘तोफ’ म्हणायची. उत्तर चुकलं की तोफ धडाडायची आणि बरोबर आलं की नुसती मान हलायची. कौतुकाने पोरं शेफारतात, हे त्यांचं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मग वर्गाच्या कोपऱ्यात संगणक आला. त्यावरचे धडे त्यांच्या भाच्यानेच तयार केलेले. “मावशी, आवाज तुझाच हवा,” अशी गळ घालून त्याने मोठ्या मिनतवारीने त्यांच्याकडून एकदा “शाबास!” म्हणवून घेतलं होतं.

झालं! नळाला पाणी कुठून येतं, टपाल कोण वाटतं, पोरं पटापट बटणं दाबू लागली. बरोबर उत्तराला संगणक बाईंच्या आवाजात म्हणायचा, “शाबास!” मधल्या सुट्टीतही तिथली खुर्ची रिकामी नसायची.

एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने गावातला कचरा शेवटी कुठे जातो ते तोंडी बिनचूक सांगितलं. बाईंनी मान हलवली. मुलगी उभीच.

“बस की गं आता!”

“बाई, शाबास राहिलं.”

बाई उठल्या, संगणकावर तोच प्रश्न काढला आणि बरोबर उत्तराचं बटण दाबलं.