योगीराजचा भोंगा

योगीराजला लाज नावाची गोष्ट देवानं दिली नव्हती. त्या जागी आवाज दिला होता. वडील बसप्पांचं धारूरच्या बाजारात भांड्यांचं चांगलं चालतं दुकान. यानं ते दोन दिवाळ्यांत बुडवलं, मग निवडणुकांत रिक्षावर भोंगा लावून बोंबलत फिरला. जो बोलावील त्या पक्षाचा. शेवटी ‘बालाघाट दर्शन’ असा फलक रंगवून रविवारी बीडहून सहलीची बस काढू लागला. त्या बसमध्ये एकदा आम्हीही बसलो.

घाट चढताना बाहेर सीताफळांनी लगडलेले डोंगर होते, पण हा माईक सोडीना. धारूरच्या किल्ल्यात तर कहरच. म्हणे, इथल्या भुयारातून घोडेस्वार थेट दिल्लीला निघत. माणसं माना डोलवत होती. खोटं सांगणाऱ्याइतकेच बिनडोक ऐकणारे.

गुडघे दुखत होते म्हणून वत्सलाबाई, निवृत्त नर्स, बुरुजाच्या सावलीत बसल्या होत्या. “मी हितंच हाय, जाताना हाक मार,” असं त्यांनी योगीराजला बजावलं होतं. त्यानं हाक मारली नाही. बस अंबाजोगाईच्या रस्त्याला लागली. आडस मागे पडल्यावर त्यांच्या शेजारच्या सीटवरची लुबना डुलकीतून जागी झाली अन् ओरडली, “अगं बाई, मावशी कुठंयत?”

योगीराजनं घड्याळ पाहिलं. “येतील की एसटीनं. जेवणं थंड होतील.”

बाकीच्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. जेवणाचं नाव निघालं होतं ना!

ड्रायव्हर जलालुद्दीननं मात्र गाडी बाजूला घेतली. “जेवण जातंय कुठं बे?” म्हणत त्यानं रुंद जागा बघून बस वळवली. योगीराज त्याला धमक्या देत राहिला, पण बस धारूरला परतली.

वत्सलाबाई किल्ल्याच्या दरवाजाजवळच्या टपरीवर चहा पीत बसल्या होत्या. रडल्याबिडल्या नव्हत्या. त्या चढल्या तसा हा बहाद्दर माईकवर म्हणतो, “मंडळी, आपल्या खास आग्रहास्तव किल्ल्याचं दुसऱ्यांदा दर्शन!” आणि मागच्या सीटांवरून टाळ्या पडल्या. टाळ्या!

“माणसं मोजता येत न्हाईत,” वत्सलाबाई त्याच्या तोंडावर म्हणाल्या, “अन् किल्ले काहून दाखवतोस? ऊठ.”

ड्रायव्हरजवळची त्याची मऊ सीट त्यांनी घेतली. तो उठला, उठवल्यावर उठायची त्याला सवयच होती. अंबाजोगाईत देवीचं दर्शन झालं, परतीचा रस्ता सरला, तरी त्यांनी जागा सोडली नाही. बीड येईपर्यंत योगीराज दांड्याला लोंबकळत इतिहास सांगत राहिला. जलालुद्दीननं कधीच माईक बंद केला होता. त्याला ते कळलंसुद्धा नाही.