आज पाणी नॉनपोलर दिसतंय

केमिस्ट्रीच्या मास्तराकडं काचेची भांडी फुटल्याचे किस्से असणार, असं लोकांना वाटतं. माझ्याकडं साठलेत ते घाम फुटल्याचे. त्यातले निम्मे एकाच धड्याचे: रेणू पोलर का नॉनपोलर, म्हणजे त्यातला विजेचा भार एका बाजूला झुकलेला का समतोल.

कोल्हापुरातल्या ज्युनियर कॉलेजात माझा पहिलाच महिना. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बनच्या दोन बाजूंना एकेक ऑक्सिजन, दोन्ही बंध पोलर, म्हणून रेणूही पोलर, असं मी फळ्यावर ठोकून दिलं. दुसऱ्या बाकावरची कोडोलीची मुलगी उठली. "सर, दोन्हीकडनं सारखीच वढ लागली, तर त्यो जाणार कुणीकडं?"

कुणीकडंच नाही. म्हणजे नॉनपोलर. मी डस्टर उचललं आणि गडबडीत आधी तारीखच पुसली.

मग ठरवलं, प्रयोगच दाखवायचा. ब्युरेटमधून, म्हणजे तोटीच्या काचनळीतून, पाण्याची बारीक धार सोडायची आणि केसांवर घासून वीज चढवलेला कंगवा जवळ न्यायचा. पाणी पोलर, म्हणून धार कंगव्याकडं वाकते. नेमके त्याच दिवशी प्राचार्य मागच्या बाकावर येऊन बसले. मी डोकं घासून लाल केलं, धार सरळच्या सरळ. जाताना ते शांतपणे म्हणाले, "आज पाणी नॉनपोलर दिसतंय."

दुसऱ्या दिवशी आमच्या लॅबमधल्या महादेवअण्णांनी निदान केलं. "डोस्क्याला तेल चोपडून येताय न्हवं, सर? मग कंगव्याला वीज कशी चढंल?" त्यांनी स्वतःच्या लोकरी मफलरवर कंगवा घासून दिला. धार झकास वाकली. बघायला आम्ही दोघंच.

बारावीची तोंडी परीक्षा मात्र विसरत नाही. अस्मिता चंदगडची. सगळं येत असायचं, पण परक्या माणसासमोर तिची वाचाच जायची. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम कडक. आधीच्या दोघींना त्यांनी अर्ध्या मिनिटात उठवलं होतं. मी शेजारीच बसलेलो, पण मला बोलायला बंदी.

"कार्बन डायऑक्साइड?"

अस्मिताचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. मग तिनं दोन्ही हात दोन बाजूंना सरळ पसरले.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "नॉनपोलर. बरोबर. पाणी?"

तिनं पसरलेले हात तसेच खाली झुकवले. पाण्याचे दोन हायड्रोजन असेच एका बाजूला कललेले, म्हणून ओढ कटत नाही.

"पोलर. अमोनिया?"

अमोनियात हायड्रोजन तीन. ती आपल्या दोन हातांकडं बघत राहिली. तिचे डोळे भरून आले.

मॅडमनी टेबलावरून आपला हात पुढं केला.

"हा तिसरा घे."

अस्मितानं तो मनगटाला धरला आणि जरासा खाली झुकवला.