जावेच्या नावाने ऑपरेशन

बस फाट्यावर उतरवून निघून गेली, त्यालाही बराच वेळ झाला होता. डोळ्यांच्या दवाखान्याकडे जाणारा रस्ता सगळा खडीचा. अर्ध्यावर आल्यावर मावशी जी एका दगडावर बसली ती उठेना. भाचीचं कोपर मात्र तिने सोडलं नव्हतं.

"दमलीस?"

"दमते माझी बला! शिव्या आठवतेय."

मावशी जन्मभर शिवणकाम करत आली. तिने केलेली काजं बघायला पलीकडच्या गल्लीतल्या शिंपिणी यायच्या. मोतीबिंदूने दोन्ही डोळ्यांवर साय धरली तरी तिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. सुया भाची ओवून ठेवायची. रिळं डब्यात ठरलेल्या जागी असायची, डावीकडे पांढरं, मग काळं, मग निळं. हात आपसूक जायचा.

त्याच खोलीत दुसऱ्या मशीनवर धाकटी जाऊ बसायची. तिने एकदा गुपचूप रिळांची अदलाबदल केली. मावशीने शाळेतल्या मास्तरांच्या कोऱ्या पांढऱ्या सदऱ्याला पिवळ्याजर्द दोऱ्याने काजं केली, वर इस्त्री मारून तो त्यांच्या हातात दिला. मास्तर हसले. जाऊ त्याहून मोठ्याने हसली, "ताई, आता जपमाळ घेऊन कोपऱ्यात बसा!" बघता बघता सगळी गिऱ्हाइकं तिच्याकडे वळली.

तेही मावशीने गिळलं असतं. पण ऑपरेशनचा विषय निघाला की हीच जाऊ गळा काढायची, "नको हो ताई! डोळा काढून बशीत ठेवतात. परत बसला तर बसला." मावशी घाबरून विषयच सोडून द्यायची. शेवटी भाचीने बळेच तपासायला आणलं, तर गल्लीचं नाव ऐकून नर्स म्हणाली, "तिथल्या दुसऱ्या शिंपीणबाई तुमच्या कोण? दोन्ही डोळे इथेच करून गेल्या की!" माहेरी आरामाला जाते म्हणून गेलेली जाऊ खरं तर इथे आली होती.

"बशीत म्हणे!" मावशी फिस्कारली. "स्वतःचे डोळे लख्ख करून आली आणि मग माझ्या रिळांना हात घातला."

"मावशी, आज तरी मनात असलं आणू नकोस. देवाचं नाव घे."

"घेतलं की. म्हटलं, देवा, तू फक्त डॉक्टरांचा हात सांभाळ. बाकीचं माझं मी बघते."

तोंडाने एवढी तिखट, पण दगडावरून काही हलत नव्हती. ती बशी अजून डोक्यातून गेली नव्हती. 'परतायचं का?' असं विचारलं असतं तर मावशी लगेच मागे फिरली असती. भाचीने मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली, "तुझी जाऊ आत्ता तुझ्याच मशीनवर बसली असेल, नाही?"

मावशी ताडकन उठली. पुढचा रस्ता भाचीलाच तिच्यामागे धावावं लागलं.

दवाखान्याचं फाटक आलं. भाचीने पिशवी चाचपली. "देवाची तसबीर आणलीय. पट्टी सोडली की आधी ती दाखवीन."

"देव कुठे पळून जात नाही," मावशी म्हणाली. "तू तिला आण. ताईला काहीच दिसत नाही, रडतेय, असं सांग. बघायला धावत येईल. आणि पट्टी सोडताना अगदी माझ्या नाकासमोर उभी कर. एवढं कर गं माझं."