मुळे सरांची पूर्वतयारी

देवळाली प्रवराजवळच्या कॉलेजात सुहास मुळे सरांना पूर्वतयारीचा वर्ग मिळाला तो 'एवढी एक टर्म सांभाळा' म्हणून. त्या टर्मपायी सरांचे केस पांढरे झाले. टर्म मात्र दर जूनला नव्यानं उगवते.

वर्ग कशाचा, तर भौतिकशास्त्राच्या उंबऱ्यावरचा. बारावीची पोरं सूत्रं पाठ करून येतात. कशात काय घातलं की कुठला पर्याय बरोबर येतो, हे झोपेतून उठवलं तरी सांगतात. बीएस्सीचं पुस्तक उघडलं की मात्र पहिल्याच पानावर कॅल्क्युलस आडवं येतं, आणि पोरं पुस्तक मिटून कॉमर्सची चौकशी करू लागतात. ती पळू नयेत म्हणून आधी हा वर्ग. आलेख काय सांगतो, उतार कशाला म्हणतात, वेग बदलतो म्हणजे नक्की काय होतं, हे सगळं सर फळ्यावर कमी आणि व्हरांड्यात जास्त शिकवत. अंतर आणि वेळेचा आलेख काढायचा आणि एखाद्या पोराला म्हणायचं, "हां, आता हा चालून दाखव." चढती रेघ म्हणजे पुढं चालायचं, जास्त चढती म्हणजे झपाझप. आडवी असली की घड्याळ पुढं जातं आणि माणूस तिथंच. आडव्या रेघेपाशी आले की सर उगाच चष्मा पुसत.

एकदा त्यांनी मुद्दाम उभी रेघ काढली. गहिनीनाथ नावाचा पोरगा एक पाय उचलून तसाच थांबला.

"सर, ही न्हाई चालता येनार. एकाच टायमाला समद्या ठिकानी हजर ऱ्हायाला मी काय खंडोबा हाय का?"

सर इतके खूश झाले की त्याला कॅन्टीनमध्ये नेऊन वडा खाऊ घातला.

वर्ग असा रंगायचा, आणि तिथंच सरांचं घोडं अडलं होतं. दर वर्षी ते प्राचार्यांकडं जाऊन म्हणत, "यंदा मला वरचा पेपर द्या." प्राचार्य म्हणत, "सर, तुमच्याशिवाय पाया कोण घालणार?" प्राचार्य बदलले, वाक्य तेच राहिलं. पाया घालणाऱ्याला वरच्या मजल्यावर चहाला बोलवायची आपल्याकडं पद्धत नाही. नगर-मनमाड रस्त्यावरचा टोलवाला शिर्डीच्या हजार गाड्या सोडतो, त्याचं स्वतःचं दर्शन राहूनच जातं, तशातली गत.

वरचा पेपर म्हणजे तिसऱ्या वर्षाचं क्वांटम. पुण्यात एमएस्सी करताना सर त्याच्या प्रेमात पडले होते. हे लग्नाआधीचं प्रकरण लीनाताईंना ठाऊक होतं, आणि त्यांची हरकत नव्हती. रोज नगरमधल्या सावेडीतल्या घरून स्कूटरनं स्टँडवर यायचं, एसटीत खिडकी धरायची आणि विळद घाट उतरताना मनातल्या मनात तिसऱ्या वर्षाला शिकवायला लागायचं. लेक्चर ऐन रंगात यावं आणि कंडक्टरनं म्हणावं, "सर, साखर फॅक्टरीचा स्टॉप आला. कॉलेजला उतरा."

पुढच्या मे महिन्यात सर निवृत्त होणार होते. म्हणजे हा जून शेवटचा. आणि याच जूनमध्ये क्वांटम शिकवणाऱ्या देवश्री मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. सर तडक प्राचार्य अवधूत कानड्यांच्या केबिनमध्ये. अवधूतसुद्धा एके काळी याच व्हरांड्यात आलेख चाललेला.

"सर, तुम्हाला नाही कसं म्हणू?" अवधूत म्हणाला. "पूर्वतयारी मोनिका मॅडम बघतील. तुम्ही पंधरा दिवस तिसरं वर्ष घेऊन बघा. क्वांटम मार्गी लागलं तर पेपर वर्षभर तुमचा."

त्या दिवशी सरांनी नगरला पेढे घेतले. लीनाताई म्हणाल्या, "अहो, पेपर मिळालाय, मुलगा नाही झाला."

पहिल्या तासाला सर इस्त्रीचा शर्ट घालून गेले. मधली गल्लीबोळं टाळून त्यांनी थेट श्रोडिंजरचं समीकरण फळ्यावर लिहिलं, मोत्यासारख्या अक्षरात. मागं सरकून स्वतःच क्षणभर पाहत राहिले. तेवढ्यात ज्ञानेश्वरीनं हात वर केला.

"सर, एक विचारू का? हसू नका. ह्यो डी असा वाकडा का काढत्यात? दोन वर्सं काढतेय, पन विचारायची लाज वाटत हुती."

दोन वाक्यांत उत्तर देऊन पुढं सटकता आलं असतं. पण सरांनी वर्गाकडं पाहिलं. आत्तापर्यंत वहीत खुपसलेल्या सगळ्या माना वर आल्या होत्या.

"उतार म्हणजे काय?" सरांनी विचारलं.

"वाय टू मायनस वाय वन अपॉन एक्स टू मायनस एक्स वन!" वर्ग आरतीसारखा एका सुरात म्हणाला.

"ते सूत्र झालं. उतार म्हणजे काय?"

वर आलेल्या माना पुन्हा वह्यांत गेल्या.

"अरे, माझ्याच व्हरांड्यात चाललात ना तुम्ही?"

"चाललो की सर," मागच्या बाकावरून गहिनीनाथ म्हणाला. वडा खाल्लेला तोच, आता मिशा फुटलेला. "पन पुढं परीक्षेला कदी आलंच न्हाई ते. मग सोडून दिलं."

सरांनी खडू खाली ठेवला. घात झाला तो इथं.

कॉलेजमागं एक उताराचं पडीक रान आहे. सगळा वर्ग तिथं गेला. सर ज्ञानेश्वरीला म्हणाले, "बांध धरून चाल. चढ लागला?"

"न्हाई."

"आता बांध सोडून विहिरीकडं चाल."

"आता लागला की!"

"जमीन तीच आहे. चढ कुठल्या दिशेनं विचारतेस, त्यावर उत्तर. एक दिशा धरायची, बाकीच्या थोपवून ठेवायच्या. तो वाकडा डी एवढंच सांगतो."

"आगं बाई! एवढंच व्हय?"

हे 'एवढंच व्हय' सरांना फार वर्षं पुरत आलं होतं. दुसऱ्या दिवशी कळलं, लाट कशी लिहायची ते पोरांना धड येत नाही. तिसऱ्या दिवशी लाटेच्या अलीकडचं निघालं. सर एकेक पाऊल मागं येत गेले, पोरं एकेक पाऊल पुढं. फळ्यावरच्या समीकरणाला चौकट करून सरांनी बाजूला 'पुसू नये' असं लिहून ठेवलं होतं. रोज ते त्याच्याकडं पाहून मनात म्हणत, उद्या.

पंधराव्या दिवशी अवधूत पाहायला आला, तर वर्ग रिकामा आणि तिसरं वर्ष रानात.

"सर, क्वांटम कुठवर आलं?"

"उद्या सुरू करतो," सर म्हणाले. कपाळावर घाम आणि चपलेत कुसळं.

संध्याकाळी घरी आल्यावर ते बराच वेळ सोफ्यावर बसून कुसळं काढत राहिले. लीनाताईंनी चहा समोर ठेवला.

"काय म्हणाला अवधूत? रागावला?"

"छे गं, भलताच खूश. पोरं त्याला सांगून आली, दोन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी कळतंय म्हणून. आता पूर्वतयारीचा वर्ग तिन्ही वर्षांना ठेवणार आहे. माझ्याकडं."

"आणि क्वांटम?"

"मोनिका मॅडम घेतील. तयार नोट्स आहेत म्हणे."

लीनाताई समोर बसल्या. "अहो, मे महिन्यात निवृत्त होताय तुम्ही. स्पष्ट सांगितलंत ना काही?"

"सांगितलं की." सरांनी एक कुसळ उजेडात धरून पाहिलं. "दुपारचा तास चालणार नाही म्हणालो. पावसानं ओढ दिलीय, त्या रानात दुपारी ऊन फार लागतं पोरांना."