फळीखालच्या बॅटऱ्या

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. माझ्या नवऱ्याची नांदेडहून तिथं बदली झाली, तीही पाटबंधारे खात्यात. नळाला थेंब नाही, विहिरी कोरड्या ठाक, आणि आमचे हे पाटबंधाऱ्यात! शेजारच्या बायका त्यावरून मला लई छळायच्या. पण माझा खरा राग होता यांच्या मोटारीवर.

नांदेडच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी ती भंगारात जायच्या आधी यांना दिली होती. लाल, बुटकी, विलायती, शर्यतीत पळवायची म्हणून बांधलेली. बसायला दोनच जागा, त्यांची पाठ कंबरेपर्यंतच. मागं एक अरुंद फळी आणि फळीखाली बॅटरीचे दोन कप्पे. बॅटरी कधीचीच मेलेली, म्हणून मोटार उतारावर उभी करायची आणि ढकलून चालू करायची. लोक हसायचे, हे मात्र तिला रोज कोरड्या फडक्यानं पुसायचे.

त्या उन्हाळ्यात मला नववा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण देवणीकडच्या आमच्या गावातून आईचाच निरोप आला, 'येऊ नको बाई, बाळंतिणीच्या अंघोळीला पाणी कुठून आणू?' मग तीच लातूरला आली. लेकीचं बाळंतपण जावयाच्या घरी करावं लागतंय, याची तिला एवढी लाज वाटत होती की बोलायची सोय नाही. "मरू दे ते अंघोळीचं," ती म्हणाली. "वेळ आली की तुझ्याजवळ असले म्हणजे झालं." मलाही तेवढंच हवं होतं. मी लई भ्यालेली होते, आणि ते फक्त तिला माहीत होतं.

आमचं घर गावाबाहेर. रिक्षा तिकडं फिरकत नसे, हापिसची जीप कायम टँकरच्या मागं. म्हणजे दवाखान्यात जायचं ते त्या लाल मोटारीतून. बॅटरी घेणं भागच होतं.

स्टँडमागचा दुकानदार यांना म्हणाला, "साहेब, तुमचे कप्पे सहा व्होल्टच्या दोन लहान बॅटऱ्यांचे. त्या आता कोण ठेवतंय? जीपची घ्या, बारा व्होल्टची. चावी फिरवली की गाडी चालू." पण जीपची बॅटरी उंच. फळी काढून त्या जागी ती पट्ट्यानं आवळावी लागणार. आणि आई बसणार होती ती त्याच फळीवर.

यांनी घरी येऊन सगळं सांगितलं. आई जावयासमोर येत नसे. दाराआडून, पदर कपाळावर ओढून मला म्हणाली, "त्यांना सांग, मोठीच घ्या म्हणावं." यांना ते पटलं. दुसऱ्या दिवशी जीपची बॅटरी चार्जिंगला लावायला सांगूनही आले.

माझं डोकंच फिरलं. यांच्याशी भांडले, मग स्वयंपाकघरात जाऊन आईशी भांडले. "तुला यायचंच नसंल तर गावाकडंच राहायचं होतंस! खामखा कशाला आलीस?"

आई रडायलाच लागली. "अगं, त्या फळीवर बसले तर माझे पाय कुठं जातील? त्यांच्या पाठीला. जावयाला पाय लावू का मी? नरकातबी जागा मिळायची न्हाई मला."

हे ओसरीवर चहा पीत होते. सगळं ऐकू गेलं असणार. सकाळी उठून एसटीनं नांदेडला गेले. तिथल्या एका जुन्या कारागिराकडून दोन लहान बॅटऱ्या बांधून घेतल्या आणि पोत्यात घालून, मांडीवर धरून परत आले. ॲसिड सांडून चांगल्या पँटला भोकं पडली होती. त्या बॅटऱ्या फळीखाली अशा बसल्या जशा तिथंच जन्मल्या. चावी फिरवली, आणि मोटार पहिल्याच झटक्यात चालू! गल्ली बघतच राहिली.

एका दुपारी कळा सुरू झाल्या. मी पुढं बसले. आई मागं फळीवर चढली, आणि यांच्या पाठीला लागू नयेत म्हणून पाय पोटाशी आवळून घेतले. दोन्ही हातांनी फळी घट्ट धरलेली. रस्ता म्हणजे नुसते खड्डे. मी "आई गं" म्हणून हात मागं केला, पण तिला फळी सोडता येईना. सोडली असती तर पडलीच असती.

यांनी गाडी थांबवली. मागं न बघता म्हणाले, "मामी, पाय आखडू नका. माझ्या पाठीला टेका."

"असं नसतं करायचं," आई म्हणाली. लग्नानंतर ती पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलली.

"आज मी जावई न्हाई, मामी. ड्रायव्हर हाय. टेका."

मला आणखी एक कळ आली तशी मी ओरडले. आईनं देवाचं नाव घेतलं आणि धुळीनं भरलेले, भेगाळलेले दोन्ही पाय त्यांच्या पांढऱ्या शर्टावर टेकवले. हे थोडे मागं रेलले, तिला नीट आधार मिळावा म्हणून. मग तिनं फळी सोडली, आणि तिचे दोन्ही हात माझ्यापर्यंत पोचले.