अर्धलीची कोंबडी

आईला मी डहाणूला आणलं ते दोन हजार सोळाच्या दिवाळीनंतर. तलासरीच्या पुढे, हमरस्ता सोडून आत, पाड्यावर ती एकटी राहायची. दम लागायला लागला तेव्हा मी तिचं काही ऐकून घेतलं नाही, गाडी घेऊन गेले आणि म्हटलं, चल. ती गाडीत बसली, पण मांडीवर टोपली घेऊन. टोपलीत फडक्याखाली एक तांबडी कोंबडी.

"हिला कशाला?" मी विचारलं.

"अर्धलीची आहे. शेजारच्या काकीची. तिला अशी टाकून कशी येऊ?"

अर्धली म्हणजे वाट्याने पाळलेली. एकीने कोंबडी द्यायची, दुसरीने खाऊपिऊ घालायचं, पिल्लं झाली की निम्मी निम्मी. आमच्या पाड्यावर ही रीत मी लहानपणापासून बघत आलेय, त्यामुळे पुढे काही विचारलं नाही. ड्रायव्हर मात्र विवळवेढ्यापर्यंत कुरकुरत होता, सीट घाण होईल म्हणून.

आमचं भाड्याचं घर, पण मागे चार पावलं अंगण होतं. घरमालकांच्या चार कोंबड्या आणि एक माजोरडा कोंबडा तिथेच फिरायचे, त्यामुळे कुणाची हरकत नव्हती. आईने आल्या आल्या मला कामाला लावलं. सकाळी कोंडा कोमट पाण्यात भिजवायचा, त्यात रात्रीचा भात कुस्करायचा. दुपारी काही नाही, तिचं तिने उकरून खावं. दिवस मावळायच्या आधी मूठभर कणी, ती मात्र खुराड्याच्या तोंडाशीच. "संध्याकाळचं घरात दिलं की घर विसरत नाही," आई म्हणायची. वरोरहून मासे विकायला येणाऱ्या बाईकडून मी शिंपल्यांचा चुराही मागून घेतला. स्वतःच्या पोराचे मी इतके लाड केले नसतील!

नव्या जागी कोंबडी आधी रुसली. मग एका सकाळी अंडं दिलं आणि सगळी आळी डोक्यावर घेतली.

डॉक्टरांनी सांगितलंच होतं, यांना अंडी द्या, अंगात काही उरलेलं नाही. मी लगेच ते अंडं उकडायला घेतलं, तर आईने हातातून काढून घेतलं.

"अर्धलीचं आहे. पहिली पिल्लं वाटून झाल्याशिवाय खायचं नसतं."

"काकी काय बघायला येणारे इथे?"

"काकी नाही बघत. मी बघते ना."

मग मी बाजारातून अंडी आणली. त्या पांढऱ्या अंड्यांकडे तिने असं बघितलं की जणू मी खडू उकडून दिलाय. "बिनबापाची अंडी," म्हणाली, आणि बशी सरकवली. माझा नवरा हसला. मला काही हसू आलं नाही. बाई दिवसेंदिवस वाळत चालली होती, हाताला धरलं तर नुसती हाडं लागायची, आणि तांदळाच्या डब्यात अंडी साठत होती! मी भांडले. पुष्कळ भांडले. "मेलीस तर काकी येणारे का वाटा घ्यायला?" इथपर्यंत बोलले. ती शांतपणे म्हणाली, "म्हणून तर लवकर बसवायची."

डझनभर अंडी झाल्यावर कोंबडी खुडूक बसली. अंग फुगवून रिकाम्या कोपऱ्यात ठिय्या मारला, हात लावला की गुरगुरायची. खुडूक कोंबडीला गार पाण्यात बुडवून काढली की तिचं खूळ उतरतं आणि ती पुन्हा अंडी घालू लागते, हे मलाही ठाऊक होतं. मी बादली भरलीसुद्धा. आईने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी बादली तुळशीत ओतली.

टोपलीत भाताचं तूस घातलं. आईने एकेक अंडं उजेडात धरून निवडलं, विषम आकडा ठेवला आणि कोंबडीला वर बसवलं. किती दिवसांनी तिचा चेहरा उजळलेला दिसला. त्या आनंदात मी एक सौदा केला. रवणीवर अंडी उबवत बसलेली कोंबडी दिवसातून एकदाच उठते. उठते, दाणा टिपते, पाणी पिते, धुळीत अंग घोळते आणि परत अंड्यांवर जाते. मी म्हटलं, "ती जेवायला उठेल तेव्हा तूही जेवायचंस. नाहीतर तिलाही दाणा नाही."

"मुक्या जिवाला उपाशी ठेवशील?"

"ठेवीन."

ठेवलं नसतंच, हे तिलाही माहीत होतं. पण तिने ऐकलं. रोज शाळेत शिकवून आले की मी मागच्या दारात तिची खुर्ची मांडायची. कोंबडी कणी टिपायची, आई पेज प्यायची, सोबत सुक्या जवळ्याची चटणी. कधी कधी वाटी पुसून खायची. त्या तीन आठवड्यांत मला खरंच वाटलं, आई वाचली.

आणि रोज तेच पालुपद. "पिल्लं फुटली की मी जाते. वाटा द्यायला हवा."

"मी नेऊन देईन ना. तू आधी बरी हो."

"असं दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. माझा शब्द आहे."

"बरं, बरं. बरी झालीस की दोघी जाऊ."

माझंही खोटं नव्हतं. रात्री तिचा श्वास अडकायचा, तेव्हा इथे रिक्षा मिळायची, दवाखाना होता. पाड्यावर काय होतं?

पिल्लं फुटली. एक अंडं वांझ निघालं, बाकी सगळी चिवचिवत बाहेर आली. आई पाट्यावर कणी अजून बारीक करून घालायची. मला वाटलं, आता ही अंडी खाईल. पण वाटा अजून झाला नव्हता. पिसं फुटेपर्यंत पिल्लं आईपासून तोडत नाहीत, म्हणून थांबायचं होतं. ती रोज पिल्लाचा पंख उचलून बघायची आणि मला विचारायची, "झाली ना गं आता?"

पंखांवर पिसं दिसू लागली त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात हलवावं लागलं. परत आणलं नाही. सगळं इथेच, डहाणूतच उरकलं. पाड्यावरून चार माणसं आली. काकी तापाने पडलेली, तिला येता आलं नाही.

मी रडले नाही फारशी. राग इतका होता की रडू यायला जागाच नव्हती. त्या काकीच्या वाट्यापायी माझ्या आईने घरची अंडी तोंडाला लावली नाहीत, हे माझ्या डोक्यातून जाईना. पण आईवर कुणाचं काही राहायला नको. दिवस झाल्यावर निम्मी पिल्लं टोपलीत घातली आणि तलासरीची एसटी धरली.

काकी ओट्यावर बसली होती. मला बघून उठली, जवळ घेतलं. मग मी टोपली तिच्यापुढे ठेवली. "काकी, तुझा वाटा. अर्धलीचा."

"कसली अर्धली?"

"त्या तांबड्या कोंबडीची."

"अगं, ती तिची स्वतःची कोंबडी. तिनेच अंड्यातून वाढवलेली. माझा कसला वाटा तिच्यात?"

मला वाटलं, म्हातारीला तापात आठवत नसेल. मी पुन्हा सगळं सांगितलं, आई काय म्हणायची, अंडी का खायची नाही, वाटा द्यायला स्वतःच जायचं कसं म्हणायची. काकी ऐकत राहिली. तिने पदर तोंडाशी धरला.

"नुसतं घरी ने म्हटलं असतं तर नेलं असतंस का गं तू?"

मी टोपलीतून बाहेर येणारं पिल्लू आत ढकललं.

"माझ्याकडे निरोप धाडला होता तिने. पिल्लं फुटली की येते म्हणून. तेव्हाच मी तिचं घर सारवून ठेवलं. ये, दाखवते."

तिने आईच्या घराची कडी काढली. आत शेणाने सारवलेलं, भिंतीच्या कडेपर्यंत नीट, बोटांच्या ओळी उमटलेल्या. चूल लिंपलेली. चुलीपाशी सरपण रचलेलं, कोपऱ्यात घासलेला हंडा उपडा. सारवण कधीच वाळलं होतं आणि त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

"जा ना आत," काकी म्हणाली.

मला उंबरा ओलांडता येईना. मी तिथेच, दाराबाहेर बसले आणि आई गं म्हणून मोठ्याने रडले.