रुबीत ‘न्हाय’ खरं असतं

रुबी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला कुणी आलं की मी आधी हेच सांगते. बाबा रे, इथे निल म्हणजे ‘काहीच नाही’ आणि फॉल्स म्हणजे ‘खोटं’ एवढे दोनच खोटे, बाकी झाडून सगळं खरं. शून्यसुद्धा खरं. पोरं माना डोलावतात आणि विसरतात. मला मात्र ते सांगताना अजूनही अंगावर काटा येतो.

मोबाईल नुकते घरोघर पोचले होते तेव्हाची गोष्ट. कोल्हापुरात राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानावर आमचं दोन खुर्च्यांचं ऑफिस होतं. एक माझी, दुसरी गडहिंग्लजच्या माझ्या भागीदाराची. तो इतक्या मोठ्यानं बोलायचा की, तुला फोन कशाला लागतो, असं मी त्याला चिडवायची. कोडोलीकडच्या एका दूध डेअरीचं काम आम्ही घेतलं होतं. रोज सकाळी सभासदाच्या मोबाईलवर मेसेज जायचा, ‘आज तुमचे दूध इतके लिटर. तुमची वाट पाहतो.’ गेलेल्या माणसाला तो जाऊ नये म्हणून भागीदारानं दोन अटी घातल्या. सभासद हयात असेल तर, आणि दूध असेल तर. ‘डबल कडी लावलीया,’ म्हणाला.

एका दुपारी त्या गावातून एका बाईचा फोन आला.

‘ताई, आमचं मामंजी जाऊन दोन म्हैनं झालं. फोटोम्होरं त्यांचा मोबाईल ठेवलाय. रोज सकाळी वाजतोय. शून्य लिटर, तुमची वाट पाहतो. सासूबाईंनी गोळ्या टाकून दिल्यात. मालक बोलवायला लागल्यात, म्हणत्यात.’

‘डेअरीचा मेसेज आहे म्हणून सांगा की त्यांना.’

‘सांगिटलं. तर म्हणत्यात, डेअरीवाल्याला म्हाईत न्हाय व्हय? तेराव्याला जेवून गेलाय की त्यो.’

डॉक्टरांनी एक दिवससुद्धा गोळी चुकवायची नाही म्हणून बजावलं होतं, असं ती सांगत होती. आवाज रडवेला झाला होता तिचा.

आम्ही कोड उघडला. डेअरीतल्या माणसानं ‘हयात’ या रकान्यात आपल्या बोलीत लिहिलं होतं, कुठे ‘हाय’, कुठे ‘न्हाय’. रुबीला कोल्हापुरी कुठली कळायला? तिच्या लेखी ‘न्हाय’ हाही एक शब्द, म्हणजे खरा. म्हातारा हयात. दूध शून्य, तेही खरं. दोन्ही कड्या उघड्याच. गावातल्या सगळ्या गेलेल्यांना आम्ही रोज सकाळी ‘वाट पाहतो’ म्हणत होतो. भागीदार पहिल्यांदाच हळू बोलला, ‘आयला.’

तासाभरात दुरुस्ती केली. हयातच्या रकान्यात नेमकं ‘हाय’ आहे का आणि लिटर शून्याहून जास्त आहेत का, असं सरळ विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एकाही मेलेल्याला मेसेज गेला नाही. मला हायसं वाटलं. आणि मग तिचाच फोन आला.

‘आला नाही ना आज?’ मीच आधी विचारलं.

‘न्हाय आला.’

‘मग गोळी घेतली का त्यांनी?’

‘न्हाय ओ ताई. अंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून उंबऱ्यात बसल्यात. मला दार लावू देईनात.’ ती दबक्या आवाजात बोलत होती. ‘म्हणत्यात, मालक वाट बघून कटाळलं. आता न्यायलाच निघाल्यात.’